फारशीच्या वर्गात मी एकटा

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी फारशीच्या वर्गात मी एकटाच उरलो. फारशी मी निवडलेली नव्हती. जुने फारशी कागद वाचता येणाऱ्या माणसाला आमच्या पिशोर गावात केवढा मान असतो, हे वडिलांनी निजामाच्या काळात पाहिलं होतं. पोलीस ॲक्शननंतर दिवस बदलले, हे त्यांना पटत नव्हतं. "फारशीच घ्यायची," एवढंच ते म्हणाले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडिलांशी वाद कसा घालतात, तेही मला येत नव्हतं.

मला मराठी हवं होतं. विषय बदलायची मुदत शनिवारी दुपारी संपणार होती. पण मी गेलो की वर्गच बंद पडणार, आणि विषय सोडतोय हे सरांना सांगायला तोंड उघडेना. सर छावणीतून सायकलवर येत. समोर मी एकटा असलो तरी हजेरी घेत. पूर्ण नाव वाचून मान वर करत आणि मी 'हाजिर' म्हणेपर्यंत थांबत.

शनिवारी मी तासाला गेलोच नाही. ऑफिस उघडलं की परस्पर अर्ज द्यायचा, असं ठरवून वसतिगृहाच्या खोलीत बसलो होतो. तेवढ्यात खाली सायकलची घंटी वाजली.

"आरं ए मुन्शी, तुझं सर आलं की रं!" खोलीतला सोबती खिडकीतून म्हणाला. "आता पळ कुठं पळतो ते!"

मी चादर ओढून आडवा झालो. सर आत आले. त्यांनी कपाळावर हात ठेवला.

"बुखार तो नहीं है, मियाँ."

"नाय सर... जरा बरं वाटत नव्हतं."

"कोई बात नहीं. इथंच शिकू."

ते माझ्या ट्रंकेवर बसले. मला म्हणायला लावलं, 'मन ऊ रा दीदम', म्हणजे मी त्याला पाहिलं. 'ऊ मरा नदीद', त्यानं मला पाहिलं नाही. आधी कोण, मग कोणाला, क्रियापद शेवटी. आपल्या मराठीसारखंच, ते म्हणाले. दारात पोरं जमली होती. एक जण माझ्यासारखं अडखळत 'दीदम, दीदम' करायला लागला.

"नाव घालता का वर्गात?" सरांनी त्याला मनापासून विचारलं. क्षणात दार मोकळं झालं.

मग सर हळूच म्हणाले, "छोड़ना है तो साफ बोल दो, बेटा. मी नाराज होणार नाही."

अर्ज उशीखाली होता. एवढं एक वाक्य बोललो असतो तर सुटलो असतो. सरांनी काखेतलं हजेरीचं पुस्तक उघडून माझं पूर्ण नाव वाचलं आणि मान वर केली.

"हाजिर," मी म्हणालो.

ऑफिस बंद झालं तेव्हा आम्ही 'त्यांनी आम्हाला पाहिलं' इथवर आलो होतो.