नंदीच्या डाव्या खांद्याचं आवतन

इकडे ये वं, जवळ बस अशी. दारातूनच "बरी आहेस ना मावशी" विचारून पळणारी माणसं मला आवडत नाहीत, मागच्या खेपेला तू तेच केलंस. आता पोळ्याचं ऐक.

पोळा शुक्रवारी, पुढे शनिवार-रविवार सुट्टी. शेजारपाजारची सगळी पोरं आपापल्या गावी निघाली आणि मी मात्र नागपुरात मुलाच्या फ्लॅटमध्ये, डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून. मोतीबिंदू काढला होता, डॉक्टरांनी धूळ वर्ज्य सांगितली. पारशिवनीजवळच्या आमच्या गोठ्यात धूळ सोडून आहे काय! पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळून म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." हे गेल्यापासून ते मीच म्हणत आले. हे म्हणायचे, न बोलावता तर बैलही जेवत नाही. आणि या वर्षी जोडीदार मेल्यापासून आमच्या धवळ्या बैलानं चाऱ्याला तोंड लावणं सोडलेलं. दोन दिवस झाले, असा दिराचा फोन. वाटलं, माझ्या तोंडचं आवतन चुकलं तर हा काही पोळा बघत नाही.

खिडकी ते दार, दार ते खिडकी. सून हसून म्हणाली, "आई, इतवारीच्या बाजारातून लाकडाचा बैल आणून देऊ का? त्यालेच द्या आवतन." चांगली पोर आहे, थट्टाच केली. पण मला ते लागलं. महादेवावरही राग आला. म्हटलं, इतकी वर्षं तुझ्या नंदीची चाकरी केली, आणि ऐन सणाला मला पिंजऱ्यात ठेवलंस.

त्या संध्याकाळी मुलगा आंघोळीला गेला तशी वाटीत लोणी-हळद घेतली, पदराखाली झाकली, आणि कोपऱ्यावरच्या महादेवाच्या देवळात गेले. समोर दगडाचा नंदी. खांद्याला चोळायला लागले, तोच मागून आवाज.

"ओ आजी! काय करून राहिल्या? आत्ताच धुतला न मी त्याले!"

देऊळ झाडणारी बाई होती, हातात ओला फडका. आता हाकलते, म्हणून मी घाईघाईनं धवळ्याचं सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकलं, नंदीभोवती एक चक्कर मारली आणि कंबरेवर हात ठेवले.

"आणि हा डावा खांदा? एकाच अंगानं चोळता काय? जू लागंन न त्याले!"

पट्टीमुळे डावी बाजू मला दिसलीच नव्हती. तिनं फडका टाकला, वाटीतलं लोणी घेतलं आणि डावा खांदा असा चोळला, की बघत राहावं. म्हणाली, मौद्याकडे तिचं माहेर, बैल विकून कितीतरी वर्षं झाली. "हात इसरला नाही वं माय." मग आम्ही दोघींनी मिळून म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मनात म्हटलं, देवा, धवळ्याचं आता तू बघ. परतताना ती आमच्या जिन्यापर्यंत सोडायला आली, पाय हलके होते.

पोळ्याच्या सकाळी दिराचा फोन. "वैनी, धवळ्यानं पेंडी खाल्ली, पाणीबी प्यायला." कशानं, ते मी विचारलं नाही. आजही विचारत नाही.

दुपारी पुरणपोळीचं पहिलं पान वाढलं आणि बेल वाजली. दारात तीच बाई, धुतलेलं पातळ नेसून, केसांत फूल.

"आवतन देलं होतं न? नंदीले जिना चढता येत नाही, मनून मीच आली."

सून हसता हसता थांबली आणि तिच्या पाया पडली. नैवेद्याचं ते पहिलं पान मी तिच्यापुढेच ठेवलं. बोलावणं आपल्या हाती. कोण येईल, कोणत्या रूपानं येईल, ते ठरवणारा दुसरा, एवढं मला या वयात एका झाकलेल्या डोळ्यानं दिसलं.

धवळ्या आता दोन्ही वेळ खातो. डोळाही उघडला, मी गावी आले. आता बोलवायची तूच राहिलीस. पुढच्या खेपेला दारातून नको, जेवायलाच ये. आज आवतन घे पोरी, आणि लवकर ये.