आईच्या एका कानासाठी

वहिनीचा फोन आला तेव्हा आई समोर बाजेवर बसून टॅबवर सिनेमा बघत होती. डाव्या कानात इअरफोन, दुसरा नेहमीसारखा उजव्या खांद्यावर लोंबत. उजव्या कानानं तिला कित्येक वर्षांत काही ऐकू आलेलं नाही. जालन्याला माझा थोरला भाऊ, अरुणदादा, अंघोळ करून आला, चक्कर येतेय म्हणाला आणि गेला... आईला सांगण्यासाठी मला तिच्या कानातला इअरफोन काढावा लागला. सिनेमा दादानंच टॅबवर उतरवून दिलेला होता. त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं, आताही ही त्याचंच ऐकत होती. महिना उलटला, पण ते मनात आलेलं काही पुसलं जात नाही.

दादा जालन्याला विम्याच्या कचेरीत होता, मी परतूरला कॉम्प्युटर क्लास चालवतो. आईचा चहा, गोळ्या, डोळ्यांत थेंब, सगळं माझ्याकडे. दादा रविवारच्या गाडीनं डझनभर केळी घेऊन यायचा आणि आईचे डोळे सकाळपासून दाराकडे! घर की मुर्गी दाल बराबर, दुसरं काय. डीव्हीडी प्लेअर कायमचा बसला तेव्हा खोकंभर नाटकं-सिनेमे टॅबवर घ्यायचं ठरलं. निम्म्या डीव्हीडी दादानं नेल्या, निम्म्या मी ठेवल्या. इथं तरी मी त्याला चीत करणार होतो. फाइल लहान व्हावी म्हणून चित्र जरा दाबलं, पण आवाजात तडजोड नाही. दर्जा सगळ्यात वरचा, डाव्या-उजव्या बाजूचा आवाज अगदी वेगवेगळा. क्लासमधला मोठा हेडफोन लावून ऐकलं, तर रंगमंचाच्या दोन टोकांना उभी माणसं डोळे मिटून दाखवता येत होती. मी खूश होतो.

आईनं थोडा वेळ बघितलं आणि टॅब माझ्याकडे सरकवला. "मुकुंदा, ह्याच्यात बाई बोलून राह्यली अन् माणूस नुसतं तोंड हालवून राह्यला. अरुणचं लाव बरं. त्याचं समदं बराबर ऐकू येतं."

दादाच्या फाइली माझ्यापेक्षा लहान, आवाज सपाट. मी फोनवर खवचटपणे विचारलं, "काय जादू केली रे?"

"जादू कशाची? आईपाशी बसून बघितलं, बस," तो हसत म्हणाला. मला तो टोमणाच वाटला. आईपाशी रोज कोण असतं? मी!

तो गेल्यानंतर बरेच दिवस आईनं टॅबला हात लावला नाही. मग एका दुपारी तिनं त्याचंच एक नाटक लावलं. दादा बसायचा तसा मी तिच्या उजव्या बाजूला बसलो आणि लोंबणारा इअरफोन सहज कानात घातला. बाईही बोलत होती, माणूसही बोलत होता. आईच्या कानातला काढून बघितला, तर त्यातही तेच. दादानं डावं-उजवं एकत्र करून आवाज मोनो केला होता. माझ्या नाटकांतली निम्मी माणसं इतके दिवस आईच्या खांद्यावर बोलत होती. मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. ती लोंबती वायर मी रोज बघायचो आणि सुचलं मात्र आठवड्यातून एकदा येणाऱ्याला!

माझ्या वाट्याच्या सगळ्या डीव्हीडी मी पुन्हा उतरवल्या, मोनोमध्ये. पहिला सिनेमा आईला लावून दिला आणि तिच्या डाव्या बाजूला बसलो. ती शेवटपर्यंत बघत राहिली, मधे दोनदा हसलीही. मग कानातला इअरफोन काढून म्हणाली, "हा अरुणनंच करून ठेवल्ता ना रे?"

माझं नाव अगदी ओठावर आलं होतं.

"हो," मी म्हणालो.

आईनं खांद्यावरचा दुसरा इअरफोन पदरानं पुसला, दादा बसायचा त्या बाजूला बाजेवर नीट ठेवला आणि म्हणाली, "मंग लाव की पुढचा."