बांधावरचा सदरा

आमची शेतं एकाच बांधाला लागून होती. जन्मभर पाहत आलो, तरी ओळंबेदादांबद्दल काही लिहावं एवढं मला माहीत आहे असं वाटत नाही. त्यांना काय आवडायचं, मनात कोणाचा राग होता का, काहीच सांगता येणार नाही. ते बोलायचे कमी, मी त्याहून कमी. आमची मंडळी म्हणायची, "तुम्ही दोघं असेच बसून राहिलात, तर शेवटी कंटाळून बांधच बोलायला लागेल."

ओळंबे हे नाव गावच्या गवंड्याने ठेवलेलं. भिंत सरळ आहे का ते बघायला तो दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. नांगराच्या रेघेला आम्ही तास म्हणतो. दादांचं तास पाहून गवंडी म्हणाला होता, याच्यापुढे माझा ओळंबा नुसता लोंबकळतो. आमच्याकडे रस्त्याने जाणारा आधी तास बघतो, मग मालकाची खुशाली विचारतो.

दादांची रीत एकच. पहिलं तास धरताना नांगराकडे बघायचं नाही, बैलांकडे तर नाहीच. पलीकडच्या बांधावर एक वाळकं खोड होतं, त्यावर नजर ठेवायची आणि चालायचं. "पायाखाली बघणारा वाकडा जातो," एवढंच ते कधीतरी शिकवल्यासारखं बोलले. पहिलं सरळ गेलं की बाकीची मुकाट त्याच्यामागून जातात.

एका वादळात ते खोड पडलं. त्या हंगामात दादांचं पहिलं तास असं वाकडं गेलं, की गावातला दुकानदार रस्त्यावरून म्हणाला, "काय दादा, ओळंब्याची दोरी तुटली का?" लोक हसले, दादाही हसले. शहरात राहणारा त्यांचा मुलगा मात्र हसला नाही. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, काका, आबांना नीट दिसतं का हो? मी नेहमीसारखं काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, अजून एक वाकडं तास दिसलं की बैल विकतो, शेत वाट्याने लावतो आणि आबांना घेऊन जातो. दादा तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी बसलेत, असं मी डोळ्यांसमोर आणून बघितलं. जमेना.

पुढे दादा दुसरा तुकडा नांगरायला आले तेव्हा मी बांधापलीकडे तण काढत होतो. उकडत होतं म्हणून सदरा काढून बांधावरच्या खुंटाला अडकवला होता. दादा बैल जुंपून नुसतेच उभे. मान इकडे, मान तिकडे. मग एकदम मान थांबली. त्यांनी बैलांना हाक दिली आणि नीट माझ्या सदऱ्याच्या दिशेने चालत आले. बांधापाशी नांगर वळवून परत गेले. मागे तास सुतासारखं सरळ.

दुसऱ्या दिवशी उकडत नव्हतं, तरी मी सदरा काढला.

मग ते अंगवळणीच पडलं. सदरा मळला की दादांना तो शोधावा लागतो हे लक्षात आलं, तेव्हा मी घरी तो नीळ घालून धुवायला सांगितला. मंडळींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तण काढायला नीळ घातलेला सदरा? तणाचं लग्न आहे का?"

मुलगा आला, बांधावर उकिडवा बसून, एक डोळा मिटून त्याने तास बघितलं. मला म्हणाला, हा दुकानदार काहीही बोलतो. बैल राहिले. दादाही राहिले, पुढचे बरेच हंगाम. सदऱ्याचं त्यांना कळलंय, की खोडच पुन्हा उभं राहिलंय असं वाटतंय, याचा मला पत्ता लागत नव्हता. विचारायचं तर डोळ्यांचा विषय काढावा लागला असता.

आता तिथे ट्रॅक्टर फिरतो. तरी जाताना माझी नजर तासावर जातेच.

दादांच्या शेवटच्या हंगामात एका संध्याकाळी ते बैल सोडून बांधापर्यंत आले. त्याच रात्री ते झोपेत गेले, पण तेव्हा तसं काही वाटलं नाही. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. ते प्यायले, तोंड पुसलं आणि भलतीकडेच बघत म्हणाले, "उद्या सदरा जरा उजवीकडे टांग. आज तास डावीकडे ओढत होतं."

"बरं," मी म्हटलं.

"आणि वाऱ्याने हलतो तो. खालून एक गाठ मार."

"मारतो."