अधिक-उणे सर

आमच्या विज्ञानाच्या सरांना कुणी वेळ विचारली, तर ते नुसतं ‘सव्वादहा’ असं कधी म्हणत नसत. ‘सव्वादहा, दोन मिनिटं इकडेतिकडे,’ असं सांगत. ते रोज रोह्याहून एसटीने पेणला येत. प्रवासाला किती वेळ लागतो, असं हेडसरांनी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, “एक तास दहा मिनिटं, अधिक-उणे पंधरा. वाटेत म्हशी बसल्या असतील तर नुसतं अधिक.” तेव्हापासून सगळी शाळा त्यांना अधिक-उणे सर म्हणू लागली. त्यांना ते ठाऊक होतं, आणि बहुधा आवडतही होतं.

प्रयोगशाळेत कुठलीही वस्तू पाच वेळा मोजायची, सरासरी काढायची आणि आपला आकडा किती इकडेतिकडे असू शकतो, तेही लिहायचं. नाहीतर बरोबर उत्तराचेही अर्धे गुण जात. लंबकाच्या प्रयोगात आम्ही पुस्तकातलं उत्तर आधी बघून उलटे आकडे रचायचो. पाचही आकडे सारखे दिसले की सर वही परत करत. “हात हलतो, डोळा चुकतो, घड्याळाचं बटण उशिरा दाबलं जातं,” ते म्हणायचे. “त्याची लाज कसली? लपवायची लाज वाटू दे.”

मी धरमतरकडच्या खाडीकाठच्या गावातली. वडील मिठागरावर कामाला. हे वर्ष झालं की शाळा पुरे, असं घरात जवळजवळ ठरलं होतं. वर्गात तोंड उघडायची मला भीती वाटे.

सहामाहीच्या प्रात्यक्षिकात मला व्हर्निअर कॅलिपरने एका पितळी दंडगोलाचा व्यास मोजायचा होता. माझं उत्तर आलं २.३४ सेंटिमीटर, अधिक-उणे ०.०१. सरांनी स्वतः मोजलं, तर २.३७. त्यांनी माझ्या आकड्यावर लाल रेघ मारली. मी कशीबशी म्हणाले, “सर, पाच वेळा बघितलंय.”

सर रागावले नाहीत. त्यांनी पुन्हा मोजलं, २.३८. चष्मा पुसून आणखी एकदा, २.३६. मग वर्गातल्या पाच जणांना एकेक करून बोलावलं आणि काही न सांगता तोच दंडगोल मोजायला दिला. पाचही जण २.३३ ते २.३५ च्या आत. सर स्टुलावर बसले आणि आपले तीन नि आमचे सहा आकडे त्यांनी एका कागदावर शेजारी-शेजारी मांडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला सांगितलं, की आपल्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय. काही महिने जाणवत होतं, पण मनावर घेतलं नाही. त्या सत्रातल्या सगळ्या वह्या मागवून त्यांनी शाळेतल्या दुसऱ्या एका शिक्षिकेकडून एकेक माप पुन्हा तपासून घेतलं. बऱ्याच जणांचे गुण वाढले. माझ्या वहीत लाल रेघेशेजारी त्यांनी ‘चूक माझी’ असं लिहून सही केली.

घरी मी हे सांगितलं, तेव्हा वडील घाबरले. पोरीने सरांचा अपमान केला, असंच त्यांना वाटलं. शाळेची पायरी कधी न चढलेला माणूस काम सोडून, सुक्या सोड्यांची, वाळवलेल्या कोळंबीची, पुडी घेऊन आला. स्टाफरूमच्या दारातच हात जोडून म्हणाला, “पोरीचंच चुकलं असंल, सर. लहान हाय ती. चूक तिचीच धरा.”

सरांनी त्यांना आत आणून खुर्चीवर बसवलं. एरवी शुद्ध बोलणारे सर त्यांच्याशी त्यांच्यासारखंच बोलले. “तसं धरता यायचं नाय, दादा. तिचं बरोबर हाय. मीच चुकलो.”

वडील खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले. सोड्यांची पुडी सरांनी ठेवून घेतली, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा सैल झाला. 

वर्ष संपलं आणि सरांनी डोळ्यांपायी निवृत्तीआधीच नोकरी सोडली. आमचा वर्ग त्यांना निरोप द्यायला पेणच्या स्टँडवर गेला. वडीलही आले होते, मिठागरावरून तसेच, पायांवर पांढरा खार घेऊन. रोह्याची गाडी वळणाआड गेली. सगळे पांगले, तरी वडील उभेच होते. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “पुढच्या वर्गात नाव कधी घालायचं गो?”