घोटलेल्या जमिनीवरची गाय

गायीचे मागचे पाय दोन बाजूंना फाकले आणि ती पोटावर आपटली. तो आवाज मी चुलीपाशी ऐकला. जाऊन बघते तर ती पुढच्या पायांनी उठू बघत होती, खूर सिमेंटवर खरडत होते आणि मागचं अंग जागचं हलत नव्हतं. माझा नवरा तिची शेपटी धरून वर ओढत होता. सात महिन्यांची गाभण गाय शेपटीने उठत नाही, हे त्यालाही कळत होतं. पण हातांना काहीतरी काम हवं असतं.

सासू काठी टेकत आली. तिला मी आत्या म्हणायची. तिने गायीकडे बघितलं, मग त्या चकचकीत जमिनीकडे, आणि मला विचारलं, "ही शेवटची बसली कधी होती?"

मी म्हटलं, काल नाही बसली. परवाचं आठवत नाही. उभीच असते.

"मंग पाय काय लोखंडाचे हायेत तिचे," आत्या म्हणाली.

जनावर बसलं आणि उठलं नाही तर आठवड्यात संपतं. एका कुशीवर पडलं तर पोट फुगतं, आणि ज्या पायावर वजन पडतं तो पाय मरतो. आमच्यात हे लहान मुलांनाही ठाऊक असतं. पोटात वासरू होतं, म्हणजे दोन जीव त्या सिमेंटवर होते.

आमचं गाव जव्हारकडे, जामसरहून आत डोंगराला लागून. माझं माहेर मोखाड्याकडचं. लग्नात बापाने मला एक डांगी, आमच्या डोंगरातल्या जातीची, गाय आंदण दिली होती, तिचीच वासरं पुढे घरात वाढली. गोठा असा वेगळा नव्हताच. कारवीच्या कुडाचं घर, वर कौलं, आणि त्याच घराच्या एका अंगाला जनावरं. चूल आणि जनावरं यांच्यामध्ये एक कूड, तोही वरून उघडा. धूर तिकडे जायचा, माशा कमी व्हायच्या. खाली माती. पावसाळ्यात त्या मातीवर आत्या पेंढा आणि तूस पसरायची. दिवसभर सगळी जनावरं रानात, गावच्या गुराख्याबरोबर. सांजेला आली की जागच्या जागी बसून रवंथ करायची. ते रवंथ ऐकत मी झोपायची. वीस वर्षं तसंच झोपले.

ते आवाज आता नाहीत. त्यावर पुढे बोलेन.

भात घरात आलं की आमच्याकडची माणसं कामाला खाली उतरतात. बहुतेक वीटभट्टीवर जातात. माझ्या नवऱ्याला मुंबईच्या बाजूला म्हशींच्या तबेल्यात काम मिळालं, शेण काढायचं आणि म्हशी धुवायच्या. तो चार-पाच हंगाम गेला. यायचा तेव्हा हिंदी बोलत यायचा आणि आमच्या घराला नाकं मुरडायचा. इथं जनावराच्या अंगावर शेण, तिथं म्हैस आरशासारखी. इथं लिटरभर दूध, तिथं बादल्या. त्याच्या डोक्यात तो तबेला बसला होता. एका वर्षी तो सिमेंट घेऊनच आला.

घराशेजारी त्याने पत्र्याचा गोठा उभा केला. गव्हाण बांधली, मूत वाहून जायला नाली काढली. जमीन केली ती तबेल्यातल्यापेक्षा भारी करायची म्हणून. तिथे दगडी फरशी होती, खरबरीत. त्याने सिमेंटवर सिमेंट टाकून लोखंडी थापीने घोटून घोटून अशी केली की पाणी टाकलं तर थांबायचं नाही. गाव बघायला आलं. आत्या म्हणाली, "गाय बांधणार का लगीन लावणार हितं?"

मला ती जमीन आवडली होती. माझ्या घरात शेणाने सारवलेलीच जमीन होती. ही खराट्याने धुतली की झालं. मी दोन वेळा धुवायची आणि कधी कधी उगीच पाय सोडून बसायची.

मग घोटीच्या बाजारातून त्याने जर्शी आणली; आमच्याकडे कुठल्याही संकरित गायीला जर्शीच म्हणतात. पांढरी-काळी, हाडाने मोठी, कासेने त्याहून मोठी. गावाने तिला बाईसाहेब नाव ठेवलं. बाया मला वाटेत विचारायच्या, बाईसाहेबांचा चहा झाला का. नवरा हसायचा. त्याला ते ऐकायला बरंच वाटायचं.

पहिले काही महिने दूध चांगलं आलं, खोटं कशाला बोलू. पण गाय सुखात नव्हती. तबेल्यात असतो तसा दोर आखूड होता, शेण नालीतच पडावं म्हणून. तिला मान वळवून स्वतःची पाठ चाटता यायची नाही. बसायची तर आधी कितीतरी वेळ खाली हुंगत राहायची, एक गुडघा टेकवायची, मागचा पाय सरकला की परत उभी. पुढे पुढे तिने बसायचं सोडूनच दिलं. मागचे पाय फाकवून, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभी. दुपारी पत्रा तापला की जीभ बाहेर. पाऊस सुरू झाला की पत्र्याचा आवाज एवढा की ती डोळे मोठे करून दोर ताणायची. ओल्या सिमेंटवर खूर मऊ पडले. सकाळी गावची गुरं रानात जायला गोठ्यावरून निघाली की ती हंबरायची, शेवटचं जनावर दिसेनासं होईपर्यंत.

मी नवऱ्याला म्हटलं, सोड हिला गुरांबरोबर. तो म्हणाला, एवढी महागाची गाय डोंगरात मोडायची आहे का? महागाचं जनावर बांधूनच ठेवायचं, हे तो शिकून आला होता. आंदणाच्या गायीच्या वंशातली आमची डांगी डोंगर चढून यायची आणि माझ्या चुलीमागे बसून रवंथ करायची. आम्ही दोघं त्यावरून टोमणे मारायचो. माझी गाय, तुझी गाय.

तर ती पडली ती श्रावणात. नवरा भिजत चालत फाट्यावर गेला आणि जव्हारहून जनावरांचा डॉक्टर घेऊन आला. डॉक्टर गाडी ओढ्याच्या पलीकडे ठेवून पँट दुमडून आला. त्याने शिरेत बाटली लावली, पाय चाचपले, हाड मोडलेलं नाही म्हणाला. आणि म्हणाला, औषधाने अर्धं काम होईल. हिला आधी सिमेंटवरून काढा. मातीवर न्या, खाली जाड काहीतरी घाला, कुशी बदलत राहा, टेकू द्या. इथे तिला पाय रोवायला काही नाही, ती घाबरून उठायचं सोडून देईल.

नवरा म्हणाला, साहेब, तबेल्यात असंच ठेवतात.

डॉक्टर बाटली संपेपर्यंत धरून उभा राहिला.

आता एवढं धूड न्यायचं कसं? आजारी माणसाला आम्ही झोळीत घालून रस्त्यापर्यंत नेतो, ते बांबू सगळ्यांकडे असतात. पण बांबूवर गाय बसत नाही. आत्याने आमच्या घराकडे काठी दाखवली आणि म्हणाली, "कूड काढा."

जनावरांच्या बाजूचा बाहेरचा कूड म्हणजे कारव्या आडव्या काठ्यांना बांधून शेणमातीने लिंपलेली भिंत. बंध कापले की अख्खी भिंत खाली येते. माणसांनी ती काढली, गोठ्यात आणली आणि गाय दोरांनी वळवून तिच्यावर घेतली. मग चिखलावरून ओढली. बारा-पंधरा माणसं लागली. शेजारीण पावसात उभी राहून आत्याला म्हणाली, "तुझ्या सुनेच्या वरातीला एवढी माणसं नव्हती." आत्या म्हणाली, "सून चालत आली होती."

सगळे हसले. नवरा हसला नाही. तो गायीचं डोकं धरून चालत होता.

अशी जर्शी माझ्या घरात आली, चुलीच्या मागे, भिंत नसलेल्या अंगाला. तिथे आम्ही प्लास्टिक आणि जुनी घोंगडी टांगली. खाली काय घालायचं हा प्रश्न. राबाचा पाला, म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायला गोळा करतो तो, उन्हाळ्यातच जाळून झाला होता. आत्याने माळ्यावरचा पेंढा काढायला लावला. तो डांगीचा पावसाळ्याचा चारा होता. तोही गेला गायीखाली. दोन्ही बाजूंनी तुसाची पोती लावली. नवरा तिच्या पाठीला पाठ लावून बसून राहायचा, ती आडवी होऊ नये म्हणून. जेवायचाही तिथेच.

पहिल्या दिवशी तिने काहीच केलं नाही. चारा हुंगायची आणि तोंड फिरवायची. संध्याकाळी गुरं आली. डांगी आपल्या जागेवर आली, तर जागेवर ही. मला वाटलं शिंग मारेल. आत्या म्हणाली, असू दे, हाकलू नको. डांगीने तिला हुंगलं, बाजूला बसली आणि तिची पाठ चाटायला लागली. जिथे आखूड दोरामुळे त्या गायीची जीभ कधी पोचली नव्हती, तिथेच. यात काही चमत्कार नाही. गाई चाटतातच. पण जर्शीने कान सैल सोडले आणि थोड्या वेळाने तिचं तोंड हलायला लागलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. रवंथ करत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुरं बाहेर निघाली तेव्हा ती उठली. आधी गुडघ्यांवर आली, मग मागचे खूर मातीत रुतले, आणि मागचं अंग वर आलं. सगळं अंग थरथरत होतं. आम्ही कोणीच जवळ गेलो नाही. ती माझ्या प्रेमाने उठली नाही आणि देवानेही उठवली नाही. माती होती म्हणून उठली.

त्याच दिवशी दुपारी नवऱ्याने पहार घेतली आणि स्वतः घोटलेली ती जमीन फोडायला बसला. मी त्याला भाकरी घेऊन गेले. म्हटलं, सगळी कशाला फोडतोस, खाचा पाड, चालेल.

तो थांबला. घाम पुसला.

"पाच वर्षं तबेल्यात होतो," तो म्हणाला. "तिथं एक बी म्हातारी म्हैस बघितली नाय मी. दूध आटलं का टेम्पोत चढवायचे. मला हे आता ध्यानात येतंय."

एवढंच बोलून त्याने परत पहार उचलली. मी भाकरी ठेवली आणि आले. त्याच्याशी माझी भांडणं खूप झाली, पण त्या दिवशीचं त्याचं तोंड मला अजून दिसतं. फोडलेलं सिमेंट आम्ही अंगणातल्या चिखलात टाकलं. एक तुकडा मी पाण्याच्या हंड्याखाली ठेवला. त्याच्यावर थापीचा गोल उठलेला आहे, त्याच्या हाताचा.

पुढे आमचा मुलगा मास्तर झाला, त्याने जव्हारला घर केलं. मी त्याच्याकडे असते. तो तुकडा इथे आणला आहे, सुनेला तो कशाला ठेवलाय कळत नाही. घरात लादी आहे, पांढरी. मोरीत मी भिंत धरून, पाय फाकवून उभी राहते. झोप येत नाही. पंख्याचा आवाज असतो, गाड्यांचा असतो, पण श्वास घेणारं मोठं काही कुडापलीकडे नसतं. मुलगा म्हणतो, गावाला चल, दाखवून आणतो. काय दाखवणार? घराला आता विटा आहेत आणि गाई कोणी पाळत नाही.

ती जर्शी नंतर डांगीमागून रानात जायला लागली. खालच्या पडीक जमिनीवरच चरायची, डोंगर चढायची नाही. दूध निम्मं झालं. नवऱ्याने ते कधी बोलून दाखवलं नाही. ती आमच्याकडेच म्हातारी झाली, दात झिजले, आत्या आणि ती एकाच उन्हात बसायच्या.

आता आत्या नाही, नवरा नाही, दोन्ही गाई नाहीत. त्या श्रावणात मात्र गाय जगली. पंधरवड्याने ती गाभडली, वासरू मेलेलंच बाहेर आलं.