मोगऱ्याची पोती

शेजारी कुणी मोगऱ्याची अगरबत्ती लावली की मी अजून खिडकी लावून घेते. तेव्हा लेकरू अंगावर पीत होतं, बाहेर नोकरी जमणार नव्हती, म्हणून मी आणि थोरल्या जाऊबाईंनी लातूरच्या एका कंपनीकडं पैसे भरून औशाच्या घरी बसून अगरबत्त्या वळायचं काम घेतलं होतं. "माल आम्हीच घेणार, निर्धास्त राहा," असं तिथल्या ऑफिसातल्या बाई गोड हसून म्हणाल्या होत्या. काळ्या पिठानं बोटं काळी पडायची आणि कितीही हात धुतले तरी भाकरीला मोगऱ्याचा वास लागायचा. पहिला माल त्यांनी "काड्या जाड झाल्या" म्हणून परत केला. आम्ही सगळा नव्यानं वळला, पोती घेऊन पुन्हा एसटीनं गेलो, तर शटरला कुलूप. शेजारच्या दुकानातले शिंपी चाचा मशीन थांबवून म्हणाले, "बेटी, ते लोक गेले. सकाळपासून लई बाया येऊन राहिल्यात." जाऊबाई पायरीवरच बसल्या. "आता घरी काय सांगायचं गं?" मला रडू आलं नाही, संताप आला, मी शटरवर एवढ्या जोरानं लाथ मारली की अंगठा सुजला. लंगडत घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, "फिटली का हौस?" आता आम्ही लातूरला राहतो. शिकवणीसाठी आलेल्या पोरींचे डबे मी घरूनच करते, पहाटेपासून चुलीपुढून हलत नाही. परवा पाहुण्यांनी माझी चौकशी केली, तेव्हा माझ्याच हातची भाकरी मोडत नवरा म्हणाला, "ही काही करत न्हाई, घरीच असते."