इन्चार्ज सिस्टर फरशीवर बसल्या

दिल्लीच्या द्वारकेत, माझ्या घराशेजारी, बाळंतिणीसाठी ओवा भाजत होते. त्या वासानं या शहरातली माझी पहिली लेबर रूम आठवली. मी नागपूरहून आलेली नवखी नर्स. एक अफगाणी बाई कळा असह्य होऊनही टेबलावर चढेना. बाळाचे ठोके मंदावत होते, सगळे तिच्यावर ओरडत होते. आमच्या केरळच्या इन्चार्ज सिस्टर मात्र तिच्यासमोर फरशीवर बसल्या. "तुम्हारे घर में कैसे करते हैं? दिखाओ."

बाई गुडघ्यांवर आली, तिनं सिस्टरांचे खांदे घट्ट धरले. आम्ही खाली चादर अंथरली आणि तिथंच मुलगी जन्मली, खणखणीत रडली.

"सिस्टर, आपको ये तरीका पता था?" मी नंतर कुतूहलानं विचारलं.

"नहीं. इसीलिए तो पूछा."

तेव्हा मला हसू आलं होतं. आता मी स्वतः इन्चार्ज आहे. सगळ्यांदेखत असं विचारायला किती धीर लागतो, ते आत्ता कळतंय.